कंटेनरचे दार लागण्यापूर्वी : शेतमालाच्या सागरी निर्यातीची ओळख

(कपिलधार, ता. जि. बीड येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्री मन्मथ स्वामींच्या समाधीच्या या ठिकाणी आपण एरवी कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला जमतो. आज शेतीच्या कामासाठी जमलो आहोत. सकाळी मांजरसुंब्याकडून येताना रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या टोपल्या मांडलेल्या दिसल्या. मी गाडी थांबवून एक टोपली घेतली. विकणाऱ्या ताईंना मी विद्यापीठाचा माणूस आहे असे कळल्यावर त्यांनी विचारले, "सर, आमचं हे सीताफळ जहाजानं दुबईला जाईल का?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आजच्या भाषणाच्या शेवटी मी ते देणार आहे. त्याआधी जहाजाने माल जातो म्हणजे नेमके काय होते, हे आपण समजून घेऊ.

माझा विषय कृषिविद्या. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या हे माझे काम. मग हा जहाजाचा विषय मी का घेतला, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील अकरा डाळिंब उत्पादकांच्या एका गटाला मी लागवडीपासून तोडणीपर्यंत मार्गदर्शन केले होते. फळे उत्तम आली. एका निर्यातदारामार्फत त्यांचा एक कंटेनर युरोपला गेला. आम्ही सर्वांनी कंटेनरसमोर नारळ फोडला, फोटो काढला. दीड महिन्याने निरोप आला की माल खराब निघाला. सोलापूरच्या बाजारातून कांद्याची उलटी पट्टी यावी तशी त्यांची पट्टी आली. भाडे आणि खर्च वजा जाता हाती काहीच नाही, वर थोडे देणेच निघाले. ते शेतकरी माझ्याकडे आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला : "सर, माल कुठं खराब झाला?" मला उत्तर देता आले नाही. निर्यातदाराने फसवले असे म्हणायला आमच्याकडे कागद नव्हता, आणि फसवले नाही असे म्हणायलाही नव्हता. फळ पिकवायला शिकवणाऱ्या मी, फळ विकताना कोणता कागद मागावा हे त्यांना शिकवले नव्हते. त्यानंतर मी न्हावा शेव्याला गेलो, गोदामे पाहिली, जाणकारांना विचारले. त्यातून जे समजले ते आज आपणांसमोर ठेवत आहे.

सागरी व्यापार आपल्याला नवा नाही

मराठवाडा समुद्रापासून दूर आहे, तेव्हा जहाजाशी आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन गावांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. भडोचच्या बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्यात लिहिले आहे. तेरचे कापड गाड्यांतून भडोचला जात असे आणि तेथून जहाजाने पश्चिमेकडे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही बालाघाटाच्या परिसरातील कापूस समुद्रापार जात होता. आज भडोचच्या जागी न्हावा शेवा आहे आणि बैलगाडीच्या जागी ट्रेलर.

रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात असलेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २०२४-२५ या वर्षात तेथे सुमारे ७३ लाख कंटेनरची चढउतार झाली. ही मोजणी वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने करतात, म्हणजे चाळीस फुटी एक कंटेनर दोन धरला जातो. बीडपासून हे बंदर रस्त्याने पावणेचारशे ते चारशे किलोमीटरवर आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वेची प्रवासी गाडी सुरू झाली, ही आपल्या तीन पिढ्यांच्या मागणीची पूर्तता होय. तथापि नाशवंत माल बंदरावर न्यायचा तर आज तरी रस्त्याचाच विचार करावा लागतो.

कंटेनर म्हणजे काय

पूर्वी मुंबईच्या गोदीत माल पोत्या-पोत्याने चढत असे. हमालाच्या पाठीवरून पोते जहाजात, तेथून पुन्हा हमालाच्या पाठीवरून बाहेर. एक जहाज भरायला आठवडा लागे आणि वाटेत फुटतूट, चोरी, भिजणे हे ठरलेलेच. अमेरिकेतील माल्कम मॅकलीन हा शेतकरी कुटुंबातून आलेला ट्रकमालक. आपला कापसाच्या गाठींचा ट्रक बंदरावर दिवसभर ताटकळत उभा असताना, एकेक गाठ उतरवण्याऐवजी सबंध पेटीच का उचलू नये, हे त्याला सुचले असे सांगतात. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याच्या 'आयडियल एक्स' या जहाजातून ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेल्या. कंटेनर वाहतुकीची ही सुरुवात मानली जाते.

कंटेनर म्हणजे ठरलेल्या मापाची लोखंडी पेटी. रुंदी ८ फूट, उंची साडेआठ फूट आणि लांबी २० किंवा ४० फूट. साडेनऊ फूट उंचीची पेटीही सर्रास वापरतात. वीस फुटी रिकाम्या पेटीचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास असते. जगात कोठेही जा, माप एकच. त्यामुळे एकाच पेटीला ट्रेलर, रेल्वे, क्रेन आणि जहाज चारही चालतात. आतल्या मालाला मात्र मध्ये कोणी हात लावत नाही. पोत्याचे तोंड शिवल्यावर मोंढ्यात पोचेपर्यंत आपण ते उसवत नाही, तसेच हे आहे. प्रत्येक पेटीवर चार अक्षरे आणि सात आकडे असा क्रमांक असतो. दारावर क्रमांक असलेले सील लागते. हे दोन क्रमांक ज्याच्याकडे आहेत त्याला आपला माल कोठे पोचला याचा माग काढता येतो.

शीत कंटेनर थंड ठेवतो, थंड करत नाही

द्राक्ष, डाळिंब यांसाठी यंत्र बसवलेला शीत कंटेनर लागतो. त्याला व्यवहारात रीफर म्हणतात. आजच्या भाषणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे आहे, म्हणून नीट लक्ष द्यावे. रीफर माल थंड ठेवण्यासाठी असतो. गरम माल थंड करणे हे त्याचे काम नाही. शेतातून आलेल्या फळात उन्हाची उष्णता साठलेली असते, शिवाय फळ श्वसन करून स्वतःही उष्णता निर्माण करते. ही उष्णता पॅकहाऊसमधील पूर्वशीतकरणाच्या खोलीतच काढून टाकावी लागते. द्राक्षे तोडणीनंतर चार ते सहा तासांच्या आत पूर्वशीतकरणात जावीत आणि पुढे शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास राहावीत. डाळिंबाला सुमारे ५ अंश तापमान व ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते.

रीफरमध्ये थंड हवा खालून, जमिनीवरील खाचांतून येते आणि खोक्यांमधून वर चढते. म्हणून खोक्यांची छिद्रे एकावर एक जुळली पाहिजेत आणि आतल्या तांबड्या रेषेच्या वर माल भरू नये. जागा दिसते म्हणून चार खोकी जास्त कोंबली तर हवा अडते आणि सगळाच माल धोक्यात येतो.

आता त्या डाळिंबांचे सांगतो. पुढे पुष्कळ पत्रे लिहिल्यावर त्या कंटेनरमधील तापमान नोंदणी यंत्राची नोंद आम्हाला मिळाली. यंत्र ५ अंशांवर लावलेले होते, परंतु खोक्यांमधील तापमान पहिले कित्येक दिवस त्याच्या खूप वर होते. मग आम्हाला तो दिवस आठवला. तोडणी दुपारपर्यंत चालली होती. पूर्वशीतकरणाच्या खोलीत एका वेळी निम्माच माल मावत होता. कंटेनर रात्री उशिरा आला आणि चालकाला पहाटे निघायचे होते. उरलेला निम्मा माल आम्ही तसाच, पत्र्याच्या शेडमधून उचलून भरला. नारळ फोडून फोटो काढला तेव्हाच तो माल बिघडायला लागला होता. समुद्राने काही केले नाही आणि जहाजानेही नाही. दार लागण्यापूर्वी जी चूक झाली ती दार लागल्यावर जगातील कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही. त्या घाईत मीही तेथे उभा होतो, हे मी आपणांपासून लपवत नाही.

शेतापासून जहाजापर्यंतच्या पायऱ्या

१. सौदा : माल कोणता, प्रत कोणती, आकार किती, किंमत कोणत्या अटीवर आणि पैसे कसे, हे आधी लेखी ठरते.

२. जागेची नोंदणी : जहाज कंपनीकडे किंवा तिच्या वतीने काम करणाऱ्या फॉरवर्डरकडे जहाजावरील जागा आणि रिकामा कंटेनर यांची नोंदणी करावी लागते. एस. टी. चुकली तर तासाभराने दुसरी मिळते, जहाज चुकले तर सहसा आठवडा जातो. जहाज सुटण्यापूर्वी ठरावीक वेळेपर्यंतच कंटेनर बंदरात घेतला जातो. त्या वेळेवरून उलटे मोजत तोडणीची तारीख ठरवावी.

३. रिकामा कंटेनर तपासणे : आत माणूस उभा करून दार लावावे. कोठून उजेड आला तर तेथून पाणीही येईल. वास घ्यावा, जमीन कोरडी आहे का पाहावे. रीफर असल्यास यंत्राची तपासणी झाल्याचा दाखला मागावा.

४. भरणे व सील लावणे : खोक्यांची मोजणी, तापमान, कंटेनर क्रमांक व सील क्रमांक यांची नोंद गटाच्या स्वतःच्या वहीत करावी आणि फोटो ठेवावेत. तापमान नोंदणीचे स्वतंत्र यंत्र खोक्यांत ठेवावे.

५. वजन : १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत. चुकीच्या वजनांमुळे जहाजावरील रास कोसळण्याचा धोका असतो, म्हणून हा नियम आंतरराष्ट्रीय पातळीवर झाला.

६. कस्टम्स : निर्यातदाराचा कस्टम्स दलाल संगणकावर शिपिंग बिल दाखल करतो. कागद व माल यांची छाननी होऊन निर्यातीची परवानगी मिळते. शेतमालासाठी माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा वनस्पती आरोग्य दाखला आवश्यक असतो.

७. बंदर : कंटेनर फाटकातून आत गेल्यावर यार्डात रचला जातो. रीफरला तेथे विजेची जोडणी मिळते. जहाज धक्क्याला लागल्यावर क्रेनने तो चढवतात. कोणता कंटेनर कोठे ठेवायचा हे आधीच आखलेले असते. जड खाली, हलका वर, आणि पुढच्या बंदरात आधी उतरायचा तो हाताशी.

८. परदेशातील उतरण : तेथे पुन्हा कस्टम्स, रोग-कीड व औषध अवशेषांची तपासणी होते. माल सोडवायला ठरावीक दिवस मोकळे मिळतात. त्यापुढे बंदरातील जागेचे भाडे वेगळे आणि कंटेनर अडवून ठेवल्याचे भाडे वेगळे लागते. वादाचा माल पडून राहिला तर ही दोन भाडी त्याची सारी किंमत खाऊन टाकतात.

मुंबईहून नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला सुएझ कालव्यातून तीन ते चार आठवडे लागत. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाहतूक बंद पडली. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर पुष्कळ जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. एवढ्या दूरचे भांडण आपल्या द्राक्षांच्या देठापर्यंत पोचते. म्हणून टिकवण क्षमतेचा हिशेब करताना वेळापत्रकातील दिवसांत पंधरा दिवस मिळवूनच पाहावे.

कागद कोणता आणि त्याचा अर्थ काय

सर्व कागदांत 'बिल ऑफ लेडिंग' हा कागद मुख्य आहे. ट्रकची बिल्टी आपल्याला माहीत आहे. ही जहाजाची बिल्टी, पण तिचे वजन जास्त. माल मिळाल्याची ती पावती आहे, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आहे आणि ती आदेशावर काढलेली असेल तर तिचा मूळ कागद ज्याच्या हाती त्याचा मालावर हक्क असतो. म्हणूनच पैशाची हमी मिळेपर्यंत मूळ कागद खरेदीदाराच्या हाती जाऊ नये अशी व्यवस्था बँकेमार्फत करतात.

या बिल्टीवर एक ओळ असते : आत अमुक माल 'असल्याचे सांगितले आहे'. जहाज कंपनीने पेटी उघडून पाहिलेली नसते. इतक्या क्रमांकाची, इतक्या सीलची पेटी घेतली, एवढेच ती लिहून देते. आत काय होते आणि कसे होते याचा साक्षीदार दार लावणाऱ्यांशिवाय दुसरा कोणी नसतो. यावरून भरण्याच्या वेळच्या नोंदींचे महत्त्व ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट विक्रीच्या अटींची. आपल्या भाषेत सांगायचे तर असे चार प्रकार पडतात.

जागेवरचा सौदा : निर्यातदार शेतावर किंवा पॅकहाऊसवर भाव ठरवून माल घेतो. पुढची जोखीम त्याची.

एफ. ओ. बी. : जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च व जोखीम विकणाऱ्याची, पुढे घेणाऱ्याची.

सी. आय. एफ. : जहाजाचे भाडे आणि विमा विकणारा भरतो. परंतु येथे अनेकांची गफलत होते. भाडे विकणाऱ्याने भरले तरी समुद्रातील जोखीम माल चढल्यापासून घेणाऱ्याचीच असते.

अडतीवर, म्हणजे कन्साइनमेंटवर : माल आधी जातो, तेथे विकला जाईल त्या भावाने खर्च वजा करून पट्टी येते. म्हणजे शेवटपर्यंत सर्व जोखीम मालवाल्याची.

आमच्या अकरा शेतकऱ्यांचा माल अडतीवर गेला होता, आणि हे त्यांना पट्टी आल्यावर कळले. अडतीचा व्यवहार वाईटच असतो असे नाही, चांगल्या बाजारात त्यात जास्तही मिळते. परंतु आपण कोणत्या अटीवर माल देतो हे कंटेनर भरण्यापूर्वी माहीत असले पाहिजे. विम्याबाबतही हेच. वाटेतील अपघात विम्यात बसतो, गरम माल भरल्याने झालेली नासाडी सहसा बसत नाही. परदेशी खरेदीदाराने पैसेच बुडवले तर त्यासाठी वेगळा विमा लागतो. १९५७ मध्ये स्थापन झालेले केंद्र सरकारचे निर्यात पतहमी महामंडळ तो देते.

द्राक्षांचा धडा

महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांनी हा मार्ग आपल्या आधी तुडवला आहे. १९९१ मध्ये त्यांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी केली. सुरुवातीच्या वर्षांत माल नाकारला जाणे, घड गळणे, खोकी दबणे हे सगळे त्यांनी सोसले. २००६ मध्ये अपेडाने 'ग्रेपनेट' ही नोंदणी पद्धत सुरू केली. तिच्यामुळे खोक्यावरील क्रमांकावरून द्राक्षे कोणत्या बागेतील हे परदेशात बसून कळू लागले.

तरीही २०१० मध्ये मोठा फटका बसला. क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, या वाढनियंत्रकाचे अवशेष युरोपात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि शेकडो कंटेनर अडकले. आपल्याकडे तपासल्या जाणाऱ्या रसायनांच्या यादीत तेव्हा ते नव्हतेच. खरड छाटणीनंतर काडीची वाढ रोखण्यासाठी जे वापरले ते पुढच्या हंगामाच्या घडात सापडले. फवारणीची वही ठेवा असे आम्ही प्राध्यापक मंडळी वारंवार सांगतो तेव्हा ते आपल्याला कटकटीचे वाटते. पण जहाजाच्या बिल्टीइतकाच तो निर्यातीचा कागद आहे. फरक इतकाच की तो आपण सहा महिने आधी लिहायला घेतो.

येणाऱ्या कंटेनरकडेही पाहा

आपला माल जातो तसा परक्याचा येतोही. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तुरीच्या खरेदीचा करार केला. मे २०२१ पासून तुरीची आयात खुली करण्यात आली. आफ्रिकेतील तूर कंटेनरमधून न्हावा शेव्याला उतरते तेव्हा मोंढ्यातील आपल्या तुरीच्या भावावर तिची सावली पडते. १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ होते, आणि आपला वेचणीचा हंगाम नेमका त्याच काळात येतो. उलट बाजूने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. मे २०२४ मध्ये ती अटींसह खुली होईपर्यंत कांदा उत्पादकांनी काय सोसले ते आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. आज पेरलेला माल चार महिन्यांनी कोणत्या नियमाखाली विकला जाईल हे आपल्या हाती नाही. म्हणून सगळी जमीन आणि सगळे कर्ज एका निर्यातीच्या भरवशावर लावू नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आयातीचा एक उपयोगही आहे. आत आलेला कंटेनर रिकामा झाला की तो बाहेर जाणाऱ्या मालाला मिळतो. २०२०-२१ मध्ये कोरोनाच्या काळात हे चक्र अडखळले, कंटेनर मिळेनासे झाले आणि भाडी कित्येक पटींनी वाढली. रीफर तर द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, नेहमीच ओढाताणीने मिळतात. नोंदणी लवकर करावी.

आता सीताफळाचे

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला आपल्या विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. फळाच्या गोडीबद्दल शंका नाही. परंतु डोळे उघडलेले तयार फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत मऊ पडते. बरे, त्याला डाळिंबासारखे ५ अंशांवर ठेवावे तर साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. १२-१३ अंशांच्या खालची थंडी त्याला सोसत नाही. कच्चे तोडून पाठवावे तर ते पिकतच नाही. जहाज दुबईला आठवड्याच्या आत पोचत असले तरी पॅकहाऊस, रस्ता, बंदरातील मुक्काम आणि तेथील तपासणी धरून आठ-दहा दिवस सहज जातात. म्हणून ताजे सीताफळ जहाजाने पाठवण्याच्या नादी लागू नये, असे मला प्रामाणिकपणे सांगावे लागते. ते विमानाने थोड्या प्रमाणात जाऊ शकते, पण भाडे परवडले पाहिजे.

जहाजाने जाऊ शकतो तो सीताफळाचा गर. बिया काढलेला, स्वच्छतेने काढलेला गर झटपट गोठवून उणे १८ अंशांवर ठेवला तर तो महिनोन् महिने टिकतो आणि रीफरमधून दूरवर जातो. आइस्क्रीम व मिठाईवाल्यांची मागणी आपल्या देशातही आहे. तेव्हा आधी देशातील बाजार धरावा, हात बसवावा, मग समुद्राकडे पाहावे. टोपलीत चेंबलेल्या फळालाही यातून किंमत येते.

कंटेनर भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

एकट्या शेतकऱ्याला कंटेनर भरता येत नाही. एका चाळीस फुटी रीफरमध्ये द्राक्षे सुमारे १२ ते १४ टन बसतात, आणि ती सर्व एका प्रतीची लागतात. म्हणून गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी हवी. आयात-निर्यात क्रमांक व अपेडाची नोंदणी कंपनीच्या नावाने काढता येते. परंतु पहिली दोन-तीन वर्षे अनुभवी निर्यातदाराबरोबर काम करावे आणि पुढील प्रश्न लेखी विचारावेत.

१. सौदा कोणत्या अटीवर आहे? माल कोठपर्यंत आमच्या जोखमीवर आहे?
२. पैसे कधी, कोणाकडून आणि कोणत्या हमीवर मिळणार?
३. भरण्यापूर्वी सर्व माल पूर्वशीत होईल एवढी खोली आहे काय?
४. कंटेनर क्रमांक, सील क्रमांक आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत आम्हाला मिळणार काय?
५. तापमानाची नोंद आम्हाला दाखवणार काय?
६. माल नाकारला गेल्यास तेथे तपासणी कोण करणार आणि त्याचा अहवाल कोणाला मिळणार?
७. विमा कशाचा आहे आणि कशाचा नाही?

ज्याला यांची उत्तरे देणे जमत नाही त्याला माल देऊ नये. भाव दोन रुपयांनी कमी असला तरी जागेवरचा रोख सौदा बरा.

त्या अकरा जणांपैकी सात जण आजही डाळिंब करतात. त्यांनी नंतर पूर्वशीतकरणाची खोली वाढवली आणि एक नियम केला. खोक्याच्या मधल्या फळात तापमापक खुपसून आकडा वहीत लिहिल्याशिवाय कंटेनरचे दार लावायचे नाही, मग चालक कितीही हॉर्न वाजवो. पुढचा कंटेनर त्यांनी जागेवरच्या सौद्याने दिला. तो नीट पोचला. नफा फार झाला नाही, पण पट्टी सुलटी आली आणि तिच्यातील प्रत्येक ओळ त्यांना वाचता आली.

परत जाताना त्या ताईंकडे मी थांबणार आहे. तुमचे फळ जहाजाने जाणार नाही, पण तुमच्या फळाचा गर जाऊ शकतो, आणि त्यासाठी दहा-वीस जणींनी एकत्र यावे लागेल, असे त्यांना सांगणार आहे. त्यांनी काही प्रश्न विचारला तर या वेळी माझ्याकडे उत्तर असेल. आपणही आपले प्रश्न घेऊन विद्यापीठात, कृषी विज्ञान केंद्रात जरूर या. माल भरून झाल्यावर येऊ नका, तोडणीच्या आधी या, एवढीच विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.